लस टोचली त्याच दंडावर नागीण उठली, हे कसं काय?

गिरगावकरीण
सोमवार, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

माझा मुलगा सहा वर्षांचा. गेल्या मंगळवारपासून डावा दंड दुखतोय म्हणत होता. शाळेत कुणी ढकललं असेल म्हणून मी बाम चोळला आणि विसरले. शुक्रवारी आंघोळ घालताना बघते तर दंडापासून कोपराखाली, अंगठ्याच्या बाजूने लालसर पट्टा आणि त्यावर पाण्याचे बारीक बारीक फोड. सासूबाईंनी दारातूनच बघितलं आणि म्हणाल्या, "नागीण आहे ही." मी म्हटलं, अहो आई, नागीण म्हाताऱ्या माणसांना होते. शनिवारी डॉक्टरांनीही नागीणच सांगितली. असायक्लोव्हीर चालू आहे, फोड सुकायला लागलेत, पोरगा घरभर हुंदडतोय. त्यामुळे "आधी डॉक्टरला दाखवा" हे कृपया कुणी लिहू नका. दाखवलंय.

माझा प्रश्न वेगळाच आहे. डॉक्टर म्हणाले, ज्याला आधी कांजिण्या होऊन गेल्यात त्यालाच पुढे नागीण होते. पण ह्याला कांजिण्या झालेल्याच नाहीत! पंधराव्या महिन्यात लस दिली होती. रात्री कपाटातून लसीकरणाची फाइल काढली. त्या तारखेपुढे लिहिलंय: डावा दंड. म्हणजे जिथे सुई टोचली, बरोबर तिथूनच पट्टा सुरू होतो. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले "क्वचित होतं असं" आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर पंधरा माणसं बसलेली, त्यांचंही बरोबर आहे.

घरात मात्र वातावरण तापलंय. सासूबाई म्हणतात, "त्या सुईनेच घातली, मी तेव्हाच सांगत होते." रक्तचंदन उगाळून लावायचं चाललंय, ते मी वाटीसकट लपवून ठेवलंय. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळून विळखा पुरा झाला तर काय होतं, हे त्या रोज दोनदा सांगतात, तेही मुलासमोर. त्यात नणंद बाळंतपणाला आलेली आहे. तिची मुलगी दीड महिन्याची, पुढच्या आठवड्यात तिचे पोलिओचे थेंब आणि बाकीच्या लसी आहेत. आता नणंद म्हणते, थेंबांतही जिवंत विषाणू असतो म्हणे, तोही असाच नसांत जाऊन बसला तर? मला उत्तर देता आलं नाही. मी बँकेत काम करते हो, मला कुठलं कळतंय यातलं.

सासूबाई चूक आहेत हे कुणी मला नीट समजावून सांगेल का?

---

एक्स्ट्रा_चटणी
मंगळवार, सकाळी ८:१५

ताई, निव्वळ योगायोग. लशीतला विषाणू मेलेला असतो. मेलेला विषाणू कसा काय पाच वर्षांनी उठेल? नागीण दुसऱ्या कुठून तरी आली असेल. सासूबाईंना सांगा, विज्ञान वाचा.

---

सातरस्ता
मंगळवार, दुपारी ३:२०

चटणीसाहेब, जरा दमानं. सगळ्या लसी मेलेल्या नसतात. कांजिण्यांची लस जिवंत असते, एकेका डोसात हजाराच्या वर जिवंत विषाणू. फक्त कमकुवत केलेले.

गिरगावकरीण ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवा. सासूबाई बहुतेक बरोबर आहेत. नागिणीबद्दल नाही, सुईबद्दल.

माझी ओळख एवढीच, की परळच्या एका विषाणू प्रयोगशाळेत मी बत्तीस वर्षं तंत्रज्ञ होतो. डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. बाटल्यांत पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर नमुना घालायचा आणि रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, की पेशींची चादर शाबूत आहे की गोळे होऊन सुटायला लागल्या. पोलिओचं काम जास्त. मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने २००१ पासून तपासले जातायत, ते डबे मी हाताळलेले आहेत. वासाचं विचारू नका. त्या दिवसांत बायको मला डबा धुतल्याशिवाय घरात घेत नसे.

आता तुमच्या मुलाचं. चामडीत संवेदनेच्या नसांची अगदी बारीक टोकं असतात. त्या नसेची पेशी मात्र चामडीत नसते. ती असते मणक्याच्या शेजारी एका छोट्या गाठीत, मज्जारज्जूच्या जेमतेम बाहेर. मणक्याच्या प्रत्येक पायरीवर डावी-उजवी एकेक गाठ. पेशी तिथे आणि तिचा धागा थेट बोटापर्यंत, एकच अखंड पेशी. कांजिण्यांचा विषाणू धाग्याच्या टोकातून आत शिरतो आणि धाग्यातून उलटा गाठीपर्यंत जातो. पेशी स्वतःच्या कामासाठी धाग्यातून माल वर-खाली नेत-आणतच असते, हा त्याच गाडीत चढतो. सव्वा वर्षाच्या पोराच्या दंडापासून मानेतल्या गाठीपर्यंत अंतर ते किती, वीतभर. तिथे पोचला की गप्प बसतो. वाढत नाही, मरत नाही. आपली प्रतिकारशक्ती त्याच्यावर नजर ठेवून असते. कधी ती नजर ढळली की हा जागा होतो, त्याच धाग्यातून खाली उतरतो आणि त्याच पट्ट्यात फोड उठवतो. म्हणून तर पट्टा. एक गाठ, एक पट्टा.

आणि म्हणूनच विळखा पुरा होत नाही, हे सासूबाईंना सांगा. डाव्या गाठीचा मुलूख अंगाच्या मध्यरेषेला संपतो. उजवीकडे दुसरी गाठ, दुसरा संसार. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या माणसात नागीण पसरते, ते गंभीर असतं, पण तेही तोंड-शेपूट जुळल्यामुळे नव्हे.

मग "कमकुवत" केला होता म्हणजे नेमकं काय केलं होतं? याची गोष्ट मला फार आवडते. जपानी डॉक्टर मिचिआकी ताकाहाशी १९६४ साली अमेरिकेत ह्यूस्टनला होते. त्यांच्या लहान मुलाला कांजिण्या झाल्या आणि त्या इतक्या वाईट, की बाप रात्रभर उशाशी. तिथून त्यांनी लशीचा ध्यास घेतला. १९७४ ला लस जाहीर केली. पद्धत कशी? एका आजारी मुलाच्या फोडातला विषाणू घेतला, तो माणसाच्या गर्भातल्या फुप्फुसाच्या पेशींवर ३४ अंशांना ११ वेळा वाढवला, मग गिनीपिगच्या पेशींवर १२ वेळा. अंगापेक्षा गार हवा आणि परकं घर, अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहून तो माणसाच्या चामडीत वाढायला मंद झाला. तोच ओका वाण आजही जगभर वापरतात.

पण बाटलीत नस नव्हती. मी बत्तीस वर्षं बाटल्या बघितल्यात म्हणून सांगतो, बाटलीत जे नसतं ते विषाणू विसरेल याची हमी नसते. त्या २३ फेऱ्यांत नसेत शिरण्याची त्याची परीक्षाच झाली नाही. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला ॲन आर्विन यांच्या गटाने उंदरांत माणसाची चामडी आणि माणसाच्या मज्जागाठी लावून बघितलं. लशीचा विषाणू चामडीत मूळ विषाणूपेक्षा कमी वाढला. गाठीत मात्र जवळपास तेवढाच रमला.

म्हणून कुणी "कमकुवत विषाणू" म्हटलं की मी विचारतो, कुठे कमकुवत?

पोलिओचं नणंदेला सांगायचं ते रात्री लिहितो. आता बाजारात जायचंय, नाहीतर बोंबील संपतील.

---

गिरगावकरीण
मंगळवार, सायंकाळी ६:०५

काका, (काकाच म्हणते) लोकलमध्ये उभ्याने दोनदा वाचलं. म्हणजे मी स्वतः पैसे देऊन पोराच्या नसेत विषाणू सोडला? हे सासूबाईंना कुठल्या तोंडाने सांगू?

---

सातरस्ता
मंगळवार, रात्री १०:३०

ताई, हिशोब पुरा करू. लस दिली नसती तर मुंबईतल्या शाळेत जाणाऱ्या मुलाला कांजिण्या आज ना उद्या झाल्याच असत्या. खऱ्या कांजिण्यांत अंगभर फोड. म्हणजे एका दंडाऐवजी डोक्यापासून पायापर्यंतच्या सगळ्या नसांची टोकं उघडी आणि विषाणू पूर्ण ताकदीचा. गाठी भरायच्या त्या सगळ्याच भरल्या असत्या. अमेरिकेत लाखो मुलांच्या नोंदी तपासल्या, २०१९ साली छापून आलं, लस घेतलेल्या मुलांत नागीण ७८ टक्के कमी. तुमचा मुलगा त्या उरलेल्यांत आला. नशीब खट्टू झालं म्हणा, पण व्यवहार तोट्याचा नव्हता.

शिवाय मी "बहुतेक" म्हणालो तेही लक्षात ठेवा. कधी कधी लस घेतलेल्या मुलाला जंगली (म्हणजे लशीतला नव्हे, बाहेर फिरणारा) विषाणू इतका हलका होऊन जातो, की दोन पुटकुळ्या येतात आणि डास चावला म्हणून आपण सोडून देतो. पुढे नागीण त्याचीही होऊ शकते. खात्री करायची तर फोडातलं पाणी घेऊन तपासणी करता येते, दोघांच्या जनुकांत ठरावीक फरक आहेत. उपचार काही बदलत नाहीत. हौस असेल तर करा. मी केली असती, पण माझी खोडच तशी.

काळजी घ्यायची ती एकच. जोराची डोकेदुखी, उलट्या, मान ताठ होणं, गुंगी, यातलं काही दिसलं तर रात्र असली तरी हॉस्पिटल. लशीचा विषाणूही क्वचित गाठीतून मेंदूच्या आवरणापर्यंत जातो, अशा नोंदी आहेत. अगदी थोड्या, आणि औषध आहे त्यावर. फोड कोरडे होईपर्यंत हात झाकून ठेवा, दीड महिन्याच्या बाळाला त्याच्या मांडीवर देऊ नका.

आता पोलिओ. इथे गोष्ट बरोबर उलटी आहे.

कांजिण्यांचा विषाणू चामडीत कमकुवत केला गेला, नसेकडे कुणी बघितलं नाही. थेंबांची लस बनवणारे शास्त्रज्ञ साबिन यांनी पोलिओचे वाण निवडले तेच मुळी नसेवरून. माकडांच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत विषाणू घालून बघायचं, जो तिथे नुकसान करत नाही तो ठेवायचा. म्हणजे थेंबांतला विषाणू आतड्यात व्यवस्थित वाढतो आणि मज्जापेशीत त्याचं काही चालत नाही. हवंच होतं ते.

दुखणं कुठे आहे, तर हा कमकुवतपणा फार थोड्या अक्षरांवर उभा आहे. पोलिओ विषाणूची पोथी, म्हणजे त्याच्या जनुकांचं लिखाण, साडेसात हजाराच्या आतबाहेर अक्षरांची. पोलिओचे तीन प्रकार, त्यांतल्या तिसऱ्या प्रकारचा साबिन वाण त्याच्या मूळ विषाणूपासून जेमतेम दहा अक्षरांनी वेगळा, आणि त्यातलीही दोन-तीनच कामाची. ४७२ व्या जागेवरचं एक अक्षर आहे. तिथे काही प्रथिन लिहिलेलं नसतं. पेशीच्या यंत्राने पोथी कुठून वाचायला घ्यायची, त्याची ती खूण आहे. खूण बिघडवली की मज्जापेशीत वाचन अडखळतं. बाळाच्या आतड्यात काही दिवसांतच ते अक्षर पुन्हा मूळपदावर येतं. बाळाच्या शीतून मिळालेल्या विषाणूत हे सर्रास दिसतं. आमच्या चादरीवर लशीचा आणि जंगली विषाणू दिसायला एकच, त्याच तऱ्हेने पेशी मारतात. वेगळे कळायचे ते पुढे पोथी वाचल्यावर.

मग सगळी बाळं लुळी का पडत नाहीत? कारण आतड्यात अक्षर बदललं तरी तिथून रक्तात, रक्तातून नसेत हा पल्ला गाठायच्या आत बाळाची प्रतिकारशक्ती उभी राहते. क्वचित नाही राहत. जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकळ आकडा आहे, साधारण २७ लाख डोसांमागे लुळेपणाची एक केस. तीसुद्धा जास्त करून पहिल्या डोसाला.

आता तर आपल्याकडे सहाव्या आठवड्याला थेंबांबरोबर दंडाच्या चामडीत मेलेल्या विषाणूची छोटी सुईही देतात. तिच्यामुळे रक्तात पहारा बसतो, म्हणजे आतड्यातून सुटलेला नसेपर्यंत पोचायच्या आधी धरला जातो. आणि सगळ्यात जास्त उपद्व्याप करणारा दुसरा प्रकार थेंबांतून २५ एप्रिल २०१६ ला काढून टाकला. नणंदेला सांगा, थेंबही द्या आणि सुईही द्या. भारतातली जंगली पोलिओची शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची. ती शेवटची ठरली ती थेंबांमुळेच. आम्ही त्या दिवसानंतर दोन वर्षं रोज श्वास रोखून बघत होतो.

---

चाळ_नंबर_नऊ
बुधवार, सकाळी ६:४०

सातरस्ता, तुमचं लिखाण वाचून झोप उडाली. चांगल्या अर्थाने.

मी लालबागचा. जन्म १९६८. दोन वर्षांचा असताना ताप आला. वडील गिरणीत पाळीवर, आई मला घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेली. तेव्हा ताप आला की इंजेक्शन, दुसरं काही नाही. उजव्या कुल्ल्यावर सुई टोचली. तिसऱ्या दिवशी उजवा पाय लोंबकळायला लागला. तो आजतागायत. पुढे हाजी अलीला जाऊन कॅलिपर करून आणायचो. बूट दर वर्षी लहान व्हायचा आणि कॅलिपरची पट्टी मांडीला घासायची, त्या जखमेचा डाग अजून आहे.

आईने मरेपर्यंत त्या सुईला दोष दिला. "मी नेलं नसतं तर." मला वाटायचं, अडाणी आहे बिचारी, पोलिओ सुईतून थोडाच होतो. पन्नाशीनंतर एका डॉक्टर मित्राने सांगितलं, की अंगात पोलिओचा विषाणू फिरत असताना स्नायूत सुई टोचली तर त्याच पायात लुळेपणा यायचा धोका वाढतो. हे जुन्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. म्हणजे विषाणू आधीच अंगात होता, ताप त्याचाच होता. सुईने वाट दाखवली.

माझा विषाणू लशीचा नव्हता, जंगलीच. पण प्रश्न तोच आहे ना, सुई टोचलेल्या जागेचा. ही वाट नेमकी कशी दाखवली जाते, ते कळलं तर बरं वाटेल. आई नाही आता. तरी.

---

सातरस्ता
बुधवार, सकाळी ९:१०

चाळ नंबर नऊ, तुमच्या आईला जे दिसलं ते खरं होतं. दोष मात्र तिचा नव्हता आणि त्या काळाच्या मानाने त्या डॉक्टरचाही किती, हे मला ठरवता येत नाही.

स्नायूला जखम झाली की त्याला जोडलेल्या चालक नसेतली उलटी वाहतूक वाढते. नेहमी मज्जारज्जूकडे थोडासा माल परत जात असतो, जखमेनंतर जास्त जातो. रक्तातून स्नायूत आलेल्या विषाणूला ही गाडी मिळते. न्यूयॉर्कला एकार्ड विमर यांच्या प्रयोगशाळेने १९९८ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. त्याच्या कितीतरी आधी, १९४१ साली, बोडियन आणि होव यांनी माकडांच्या नसेतून पोलिओ किती वेगाने चढतो ते मोजलं होतं, तासाला दोन-अडीच मिलिमीटर. दोन वर्षांच्या पोराच्या कुल्ल्यापासून मज्जारज्जूपर्यंत हिशोब करा. तिसरा दिवस म्हणालात ना.

१९५५ मध्ये अमेरिकेत कटर कंपनीच्या पोलिओ लशीत विषाणू नीट मेलेला नव्हता. सुई दंडात दिली होती आणि लुळेपणाही जास्त करून त्याच हाताला आला. एरवी पोलिओ पायाला जास्त धरतो.

लशीच्या बाबतीतही हे झालंय. रोमानियात थेंबांमुळे लुळेपणा येण्याचं प्रमाण इतर देशांपेक्षा खूप जास्त दिसायचं. १९९५ मध्ये कारण छापून आलं. तिथे थेंब दिल्यानंतरच्या महिन्याभरात मुलांना अँटिबायोटिकची इंजेक्शनंच इंजेक्शनं टोचत होते. विषाणू साबिनचा, वाट तुमच्याच पायासारखी.

---

पार्कातली_भुभू
बुधवार, दुपारी १:००

मध्येच विचारते. मी शिवाजी पार्कात भटक्या कुत्र्यांना खायला घालते, दोनदा रेबीजच्या सुया घेतल्यात. रेबीज तर नसेतूनच जातो म्हणतात. मग त्या लशीचं काय??

---

सातरस्ता
बुधवार, दुपारी १:४०

तो मेलेला असतो. माणसांना देतात ती रेबीजची लस पूर्ण मेलेली, चढायचा प्रश्नच नाही. निर्धास्त घ्या, आणि कुत्र्यांनाही द्या.

पूर्वी पोटात चौदा सुया घ्यायचे ना, त्या लशीने काही लोक लुळे पडायचे. तो विषाणूचा दोष नव्हे. ती लस मेंढीच्या मेंदूत वाढवायचे, आणि मेंढीच्या मेंदूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती माणसाच्याही नसांवर उलटायची. २००५ पर्यंत ती आपल्याकडे बंद झाली.

---

कुलाबा_पीएचडी
बुधवार, रात्री ९:२५

काका, मी कुलाब्याला उंदरांच्या मेंदूवर काम करते. मला यात थोडी भर घालायचीय, आणि एक छोटीशी दुरुस्तीही.

तुम्ही "गाडी" म्हणालात, ती अगदी लोकलच समजा. धाग्यात रूळ असतात. रुळांवर दोन तऱ्हेची इंजिनं. एक पेशीच्या मुख्य भागाकडे येणारं, डायनिन. दुसरं पेशीकडून टोकाकडे जाणारं, कायनेसिन. एक अप, एक डाउन. विषाणूला स्वतःचं इंजिन नसतं. डब्याला लोंबकळायला हुक लागतो, आणि दोन्ही दिशांचे हुक वेगळे.

हे कळलं त्यात लशीच्याच एका विषाणूचा मोठा हात आहे. डुकरांना आउजेस्कीचा रोग होतो, तो कांजिण्यांच्या विषाणूचा भाऊबंद. हंगेरीत बार्था नावाच्या पशुवैद्याने १९६१ मध्ये त्याचा कमकुवत वाण काढला, डुकरांसाठी लस म्हणून. खूप वर्षांनी त्याची जनुकं वाचली तर एक तुकडाच गळालेला. तो तुकडा म्हणजे डाउनचा हुक. त्यामुळे हा विषाणू फक्त अप जातो! पेशीत पोचतो, वाढतो, तिच्याशी जोडलेल्या मागच्या पेशीत उडी मारतो, मग तिच्या मागच्या. खाली परत येत नाही.

दुरुस्ती ती इथे. काकांच्या बोलण्यावरून कुणाला वाटेल, की विषाणू कमकुवत असूनही नसेत फिरतो हा एक राहून गेलेला दोष आहे. बार्थामध्ये कमकुवतपणा फिरण्यातच आहे, एक दिशा गेली. म्हणून तो उंदराला सावकाश मारतो आणि मरायच्या आधी मेंदूत बराच वर चढतो. मूळ विषाणू प्राण्याला इतका झटपट लोळवतो, की नकाशा काढायला वेळ मिळत नाही. मेंदूचा अभ्यास करणारे लोक बार्था पोटाच्या किंवा डोळ्याच्या नसेत टोचतात, ठरावीक तासांनी बघतात कुठलं स्टेशन आलं. पोटाशी मेंदूतल्या कुठल्या पेशी जोडलेल्या आहेत, ते अशा कामांतून कळलं.

रेबीजचंही तसंच. प्राण्यांच्या लशीचा एक जिवंत वाण घेऊन २००७ मध्ये त्याचं वरचं आवरण बनवणारं जनुकच काढून टाकलं. ज्या पेशीला आपण ते जनुक बाहेरून देतो, तिच्यातूनच तो मागच्या पेशीत जातो आणि तिथे अडकतो. एका स्टेशनापुरतं तिकीट.

माणसांच्या लसीत हे वाण नाहीत, कुणी घाबरू नका.

---

मोटरमन_निवृत्त
बुधवार, रात्री ९:५०

पोरी, अप-डाउन बरोबर लिहिलंस. बहुतेक लोक उलटं सांगतात. बाकीचं काही कळलं नाही, पण वाचतोय.

---

सातरस्ता
बुधवार, रात्री १०:१५

दुरुस्ती मान्य. "कुठे कमकुवत" विचारायचं तसं "कोणत्या दिशेने" हेही विचारायला हवं. साठी उलटल्यावर शिकलो.

पण मला आता एक सांग. ताईंच्या मुलाचा विषाणू वर गेला आणि पाच वर्षांनी खाली आला. म्हणजे ओकाचे दोन्ही हुक शाबूत?

---

कुलाबा_पीएचडी
बुधवार, रात्री १०:३०

हो काका. बार्थात गळालेला तुकडा ओकात जागेवर आहे. खाली येऊन चामडीत फोड उठवणं त्याला जमतं, म्हणूनच नागीण होऊ शकते. चामडीत मंद असल्याने ती जास्त करून हलकी राहते.

---

गिरगावकरीण
शनिवार, दुपारी ४:००

उशीर झाला, महिनाअखेर होती.

फोडांच्या खपल्या धरल्यात. डॉक्टरांना पाणी तपासायचं विचारलं, ते म्हणाले आता सुकलंय, उशीर झाला. काका, तुमची हौस राहिली.

काल नणंदेच्या मुलीला थेंब पाजले, दंडाच्या सुया झाल्या, मांडीच्या झाल्या. मी बरोबर गेले होते. बाळ जेवढं रडलं त्याहून नणंद जास्त रडली. सिस्टरने महिनाभर उगाच दुसरी इंजेक्शनं टोचून घेऊ नका असं काही सांगितलं नाही, मी स्वतःच नणंदेला रोमानियाची गोष्ट सांगितली. चाळ नंबर नऊ, तुमच्या आईचीही सांगितली. राग मानू नका.

सासूबाईंना म्हटलं, आई, तुम्ही सुईबद्दल बरोबर होतात. त्या चपापल्या. त्यांना भांडणाची अपेक्षा होती. मग मी पोराच्या हातावर स्केचपेनने पट्टा काढून दाखवला, मानेपासून अंगठ्यापर्यंत, आणि म्हटलं ही हिची हद्द, हिच्या पलीकडे जात नाही. त्यांनी तो पट्टा बोट फिरवून नीट बघितला आणि विचारलं, "मग माझ्या कमरेवर आली होती ती कुठल्या गाठीची?"

मला माहीतच नव्हतं त्यांना झाली होती ते. १९८९ साली म्हणे. उजव्या कमरेवर, पोटाकडे येऊन बेंबीपाशी थांबली. त्या महिनाभर विळखा पुरा होण्याची वाट बघत होत्या, कुणाला न सांगता.

काका, कमरेपासून बेंबीपर्यंत, उजवीकडे. कुठली गाठ ते सांगा, त्या विचारतायत.

---

सातरस्ता
शनिवार, दुपारी ४:३५

बेंबीपाशी थांबली असेल तर छातीच्या मणक्यांतली दहावी, उजवी. बेंबी त्याच पट्ट्यात येते. त्यांना सांगा, विषाणू अजून तिथेच आहे, आणि सत्तरीच्या आसपास असतील तर नागिणीची जिवंत नसलेली लस मिळते, डॉक्टरांशी बोला. तिच्यात विषाणूच्या अंगावरचं एकच प्रथिन असतं, चढायला-उतरायला काही नाही.

आणि रक्तचंदनाची वाटी परत द्या त्यांना. महाग असतं ते.